ब्रेक बदलूनही ओटी टेबल हलतंच? आधी वजन कशावर उभं आहे ते तपासा

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते. "भाऊ, लॉक केलं तरी टेबल हलून राहिलं." पाठोपाठ दुसरं वाक्य, "आणि ब्रेक तर दिवाळीतच बदलला." नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतली छोटी नर्सिंग होम असोत की उमरेड-काटोलकडचे दवाखाने, ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, टेबलाचं हे दुखणं फिरून फिरून येतं. नवी चाकं बसतात, दोन-तीन महिने बरे जातात आणि एक दिवस भर ऑपरेशनमध्ये सर्जन मान न वळवता विचारतात, "कोण टेकलंय टेबलाला?" कोणीच टेकलेलं नसतं.

मी ओटी टेबलांची दुरुस्ती करतो आणि हिंगणा एमआयडीसीत बेस बनवून घेतो. माझं मत सांगतो. परत परत येणाऱ्या या तक्रारीत ब्रेकचा दोष क्वचितच असतो. टेबल चाकांवर उभं राहतं, तिथेच सगळं बिघडतं. चाक टेबल हलवण्यापुरतं हवं. चिरा देताना वजन बेसमधून खाली उतरणाऱ्या पायांवर गेलेलं असावं आणि चाकं जमिनीपासून सुटलेली असावीत. ज्या टेबलाच्या रचनेत हे घडत नाही, त्याला कितीही महागडा ब्रेक लावा, तक्रार परत येणारच.

तपासायला बसण्याआधी एवढं करा. टेबल रिकामं ठेवा, प्लग काढा, बॅटरीवर चालणारं असेल तर तिचाही स्विच बंद करा. टॉपखाली, म्हणजे पेशंट झोपतो त्या वरच्या भागाखाली, हात घालायचा असेल तर आधी लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या. हायड्रॉलिक टेबलाच्या खाली उतरवायच्या पेडलवर चुकून कोणाचा पाय पडला तर टॉप बोटांची वाट बघत नाही.

एक्स-रे फिल्मची पट्टी

रेडिओलॉजीतून जुनी टाकाऊ एक्स-रे फिल्म मागून घ्या. कोपऱ्यातलं पेशंटचं नाव कापून टाका आणि बाकीच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या करा. फिल्म साधारण ०.२ मिमी जाड असते, मळत नाही, ओल्या फरशीवर कागदासारखी लगदा होत नाही. यापेक्षा स्वस्त मोजमापाचं साधन दवाखान्यात सापडणार नाही.

टेबल नेहमीच्या जागी, नेहमीसारखं लॉक करा. आता प्रत्येक चाकाखालून आणि प्रत्येक पायाखालून पट्टी सरकवून बघा. चाकाखालून ती अडखळल्याशिवाय आरपार गेली पाहिजे. पायाखाली ती शिरताच कामा नये.

चारही चाकं जमिनीला टेकलेली आणि पाय असे काही नाहीतच, असं दिसलं तर तुमच्याकडे नुसता चाक-ब्रेकचा टेबल आहे. बाजारात स्वस्तात मिळणारे बरेच असेच असतात. यात एक गंमत आहे, आणि ती ब्रेक बदलणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. साधा ब्रेक चाकाचं फिरणं थांबवतो, पण चाक ज्या फोर्कमध्ये (चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या काट्यात) बसलंय तो फोर्क उभ्या अक्षाभोवती मोकळाच राहतो. चाक जमिनीला जिथे टेकतं ती जागा आणि फोर्कचा अक्ष यांत दोन-तीन सेंटीमीटरचं अंतर असतं. टेबल सरळ ढकलत आणून लॉक केलं की चारही फोर्क एकाच दिशेला तोंड करून असतात. मग टेबलाला बाजूने रेटलं की चारही फोर्क एकदमच थोडे वळतात आणि अख्खं टेबल कडेला सरकतं. चाक जागचं हललेलं नसतं, ब्रेक अगदी शाबूत असतो.

तात्पुरता इलाज फुकट आहे. लॉक करण्याआधी समोरासमोरच्या कोपऱ्यांतली दोन चाकं हाताने आडवी करा आणि मग ब्रेक दाबा. फोर्क वेगवेगळ्या दिशांना असले की ते एकमेकांना अडवतात. सिस्टर आणि मामांना (वॉर्डबॉयना) एकदा दाखवून द्या, फरक लगेच जाणवतो. त्याच्या पुढची पायरी म्हणजे चाक आणि फोर्क दोन्ही एकदम जखडणारे कॅस्टर घेणं. दुकानात मागताना तसंच सांगा, नुसतं "ब्रेकवालं चाक" म्हटलं की साधंच हातात पडतं. कायमस्वरूपी इलाज मात्र बेसला उतरते पाय बसवण्याचाच.

पाय आहेत, पण पट्टी एखाद्या चाकाखाली अडकते, असं दिसलं तर पाय पुरेसे उतरत नाहीत. पेडलवाल्या टेबलात आतला कॅम किंवा लिंक झिजलेली असते. ज्यात पाय जॅकने उतरतात त्यात पायाखालचा रबर पॅड झिजून पातळ झालेला असतो. पॅड चार-पाच मिमी झिजला की चाक सुटायला जो मोकळेपणा लागतो तो तिथेच संपतो. नवीन पॅड घेताना थोडा मोठा व्यास घ्या. ५० मिमीच्या जागी ८० मिमीचा घेतला तर जमिनीवरचा दाब अडीचपटीने उतरतो, आणि विनाइलच्या फरशीत जे गोल खड्डे पडतात ते पडत नाहीत. त्या खड्ड्यांत पाय रुतून बसतात आणि टेबल दोन बोटं इकडेतिकडे लावलं की परत डुगडुगतं.

तीन पाय घट्ट आणि चौथ्याखालून पट्टी जाते, ही सगळ्यात जास्त आढळणारी अवस्था. चहाच्या टपरीवरचं चारपायी स्टूल जसं एका पायावर टकटक करतं, तसंच हे. तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात. चौथ्याला जमीन सपाट लागते. इथे हिशेब करून बघा. बेसची रुंदी ५०० मिमी आहे, एका पायाखाली १ मिमी फट आहे आणि टॉप जमिनीपासून १ मीटरवर आहे. टॉप कडेला २ मिमी झुलतो. पोटाच्या ऑपरेशनला हे कोणाला कळणारही नाही. पण मोतीबिंदूच्या फेकोमध्ये चिराच २.२ ते २.८ मिमीचा असतो, आणि वर मायक्रोस्कोप लावलेला. म्हणूनच एकाच टेबलाबद्दल सकाळच्या यादीतले सर्जन सर काही बोलत नाहीत आणि दुपारी डोळ्यांच्या मॅडम वैतागतात. दोघंही खरंच सांगत असतात.

यावर ओटीत जो उपाय दिसतो तो म्हणजे सलाइनच्या खोक्याचा पुठ्ठा घडी करून पायाखाली. पहिलं पोछा लागेपर्यंत तो चालतो. चांगल्या टेबलांत तीन पाय पक्के आणि चौथा स्वतःहून जमीन शोधणारा असतो. आत स्प्रिंग असते किंवा त्याचा जॅक टेकेपर्यंत उतरतो आणि तिथेच अडतो. जुन्या बेसमध्ये निदान एक पाय आट्यांचा करून घेता येतो, म्हणजे पान्याने फिरवून उंची जुळवायची आणि चेकनट आवळायचा. चेकनट विसरलात तर महिनाभरात पाय आपोआप वर चढतो. टेबलाची जागा पक्की असेल तर एवढं पुरतं. टेबल दोन ओटींत फिरत असेल तर पुरत नाही.

आधी फरशीही बघा

चौथा पाय अधांतरी राहतो तेव्हा दरवेळी टेबलच वाकडं असतं असं नाही. जुन्या ओटींची फरशी धुऊन काढायची पद्धत होती, त्यामुळे पाणी वाहून जावं म्हणून तिला नाल्याकडे उतार दिलेला असतो. वर आता विनाइल चिकटवलेलं असलं तरी खालचा उतार गेलेला नसतो. १०० ला १ एवढ्या उतारातही ९०० मिमी लांबीच्या बेसच्या दोन टोकांत ९ मिमीचा फरक येतो. नुसता एकसारखा उतार असेल तर टेबल तिरपं उभं राहतं पण डुगडुगत नाही. उतार दोन बाजूंनी एका जाळीकडे असेल, तर मात्र चार पाय एका पातळीत येणं कठीण.

मोजायला मिस्त्रीची लेव्हल नळी लागते. ती नसेल तर आयव्ही सेट आहेच. ड्रिप चेंबर कापून टाका, नळीत पाणी भरा, बुडबुडे झटकून काढा आणि थेंबभर बेटाडीन टाका म्हणजे पातळी दिसेल. दोन्ही टोकं उघडी ठेवून एक टोक पहिल्या पायाच्या जागी आणि दुसरं आळीपाळीने बाकी तिन्ही जागी धरा. जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची फुटपट्टीने मोजा आणि फरशीवर मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) चिकटवून त्यावर लिहीत जा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. आकडे हाती आले की टेबल हातभर सरकवून सपाट जागा मिळते का ते बघा. वरचा लाइट आणि एसीची झोत-जागा छताला ठरलेली असल्यामुळे फार सरकवता येत नाही, हे खरं. तेव्हा मग फरशीच दुरुस्त करावी लागते, आणि ते काम फ्यूमिगेशनच्या सुटीत उरकतं.

पाय घट्ट, तरी हलतं

पट्टीची परीक्षा पास झाली, तरी टॉप झुलतो. आता बोटाची परीक्षा. एकाने डोक्याच्या टोकाला टॉप धरून हळूहळू डावी-उजवीकडे रेटायचा, जोर लावायचा नाही. दुसऱ्याने बोटाचं टोक सांध्यावर असं ठेवायचं की अर्धं बोट खालच्या भागावर आणि अर्धं वरच्या भागावर येईल. बेस आणि कॉलमचा (टॉपला पेलणाऱ्या मधल्या खांबाचा) सांधा, कॉलमचा एक टप्पा आणि दुसरा टप्पा, कॉलमचं डोकं आणि टॉपची फ्रेम, असं वर वर जात राहा. डोळ्यांना न दिसणारी हालचाल बोटाला कळते. जिथे बोटाखाली दोन भाग वेगळे हलले, तिथे तुमचा दोष.

कॉलममध्ये असेल तर खात्री करायला टेबल पूर्ण खाली आणि पूर्ण वर, अशा दोन उंचींवर हेच करा. टेलिस्कोपिक कॉलमचे टप्पे एकमेकांत जेवढे जास्त शिरलेले, तेवढे ते एकमेकांना सावरतात. आतल्या नायलॉन किंवा ब्राँझच्या पॅडमध्ये ०.३ मिमी ढिलेपणा आहे आणि ३०० मिमी भाग आत आहे असं धरा. सांध्यापासून अर्ध्या मीटरवर हालचाल अर्धा मिमी. टेबल वर घेतलं, आत फक्त १५० मिमी उरला की त्याच अंतरावर ती १ मिमी होते, आणि टॉप तर त्याहून उंच गेलेला असतो. पायांतला दोष उंचीबरोबर हळूहळू वाढतो, कॉलममधला एकदम वाढतो. हा फरक ओळखता आला की निम्मं निदान झालं. पॅड बदलून मिळतात किंवा लेथवर करून घेता येतात. बऱ्याच कॉलममध्ये बाहेरून आवळायचे ग्रब स्क्रू असतात, आधी तेच बघा. फार आवळलेत तर कॉलम खाली येताना अडकेल.

एक दोष असा आहे की तो डोक्याच्या टोकालाच कळतो. कॉलम स्वतःभोवती फिरू नये म्हणून त्यात 'की', म्हणजे खाचेत बसणारी पट्टी, असते. तिच्यात ०.२ मिमी ढिलेपणा आला आणि ती मध्यापासून ६० मिमीवर असली, तर १ मीटर लांब डोक्याशी टॉप ३.३ मिमी डोलतो. कमरेपाशी हात ठेवला तर काहीच जाणवत नाही. डोळे, कान-नाक-घसा आणि मेंदूच्या ऑपरेशनवाल्यांची तक्रार असेल आणि बाकी सगळे "ठीक आहे" म्हणत असतील, तर सरळ या कीकडे जा.

कॉलमच्या डोक्यात, बाजूला कलण्याच्या आणि हेड-लो (डोक्याची बाजू खाली) करण्याच्या पिना व बुश असतात. ऑर्थोच्या ओटीत त्या लवकर झिजतात. हातोडी, रीमिंग, ट्रॅक्शनची ओढ, हे सगळं शेवटी त्याच चार-सहा पिनांवर येतं. इथे सांगण्यासारखं थोडंच आहे. पिन आणि बुश जोडीने बदला, एकटी पिन बदलली की वर्षाच्या आत तीच तक्रार.

सकाळी खाली बसलेलं टेबल

काही टेबलं संध्याकाळी ठणठणीत आणि सकाळी ढिली सापडतात. उन्हाळ्यात ही तक्रार वाढते, नवतप्यात तर हमखास. जॅक हायड्रॉलिक असतील तर कारण तेलात असतं. रात्री एसी बंद होतो, खोली तापते, तेल पातळ होतं. आयएसओ व्हीजी ३२ तेलाचा तो ३२ आकडाच मुळी ४० अंश सेल्सिअसला मोजलेला असतो; २० अंशांच्या थंड ओटीत तेच तेल दुपटीहून जास्त दाट असतं. म्हणजे व्हॉल्व्हच्या ज्या ओरखड्यातून एसी चालू असताना जेमतेम झिरपतं, त्यातूनच तापलेल्या खोलीत भरपूर जातं. जॅक रातभर थोडे थोडे बसतात आणि सकाळी चाकं जमिनीला टेकतात.

पडताळा असा. रात्री लॉक करून चाकाखाली फिल्मच्या पट्ट्या एकावर एक ठेवून किती मावतात ते मोजा. दहा मावल्या म्हणजे २ मिमी फट. सकाळी चारच मावल्या तर जॅक बसतोय. कॉलमसाठी वेगळं करा. टप्प्याच्या कडेला मायक्रोपोर चिकटवून पेनाने रेघ मारा आणि टॉपवर सलाइनचे खोके रचा. ५०० मिलीच्या २४ बाटल्यांचा खोका म्हणजे नुसतं द्रावणच १२ किलो, आठ खोक्यांत शंभराच्या जवळ जातं. रेघ सकाळी हलली असेल तर कॉलमचं सील किंवा चेक व्हॉल्व्ह.

सील बदलेपर्यंत सकाळी पहिला पेशंट घेण्याआधी लॉकचं पेडल एकदा सोडून परत दाबून घ्या, एवढंच. पण तेल कमी झालंय म्हणून ऑटोच्या दुकानातलं ब्रेक ऑइल कोणालाही ओतू देऊ नका. हे बरेचदा घडतं. ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, आणि खनिज तेलासाठी बनवलेली नायट्राइल सीलं त्यात फुगून मऊ पडतात. आठवडाभर टेबल चांगलं वाटतं, मग सगळीकडून गळतं आणि पूर्ण यंत्रणा उघडून धुवावी लागते. टेबलाच्या पुस्तिकेत जे तेल लिहिलंय तेच घाला.

हलायचं तेव्हा हलत नाही

आता उलट बाजू. टेबल लॉक नाही, तरी दोन मामा आणि एक ब्रदर लागतात. आधी चाकं उलटी करून बघा. फोर्क आणि चाकाच्या मधे सूचरचे दोरे, गॉजचे धागे, केस गुंडाळलेले सापडतात, वर सलाइन आणि बेटाडीन वाळून घट्ट बसलेलं. जुन्या सर्जिकल ब्लेडने कापून काढा, हातमोजे दुहेरी घाला. हायपोने पुसायची जी पद्धत आहे तीही चाकांना भोवते. सोडियम हायपोक्लोराइट स्टीललाही, ३०४ ग्रेडलाही, बारीक टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतं. ठरलेला वेळ भरला की साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून घ्यायला मावशींना सांगा, बेअरिंगचं आयुष्य वाढेल. आणि चाक बदलताना अँटिस्टॅटिकच घ्या. साधं नायलॉनचं स्वस्त पडतं, पण टेबलावर साचलेला स्थिर विद्युतभार फरशीत उतरायची वाट बंद होते.

ढकलायला किती जोर लागतो ते मोजता येतं. प्रवासाच्या बॅगा मोजायचा हाताचा काटा घ्या, तो टेबलाच्या दांड्याला अडकवून सपाट फरशीवर आडवा ओढा. वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या आयईसी ६०६०१-१ या मानकात चाकांच्या उपकरणासाठी ढकलण्याची मर्यादा २०० न्यूटन आहे, म्हणजे काट्यावर साधारण २० किलो. काटा ३०-३५ दाखवत असेल तर मामा आळशी नाहीत, चाकं खराब आहेत.

सपाट जमिनीवर ठीक आणि दारातच अडतं, तर चाक छोटं आहे. उंबऱ्याची पट्टी १० मिमी उंच असेल, आणि धक्का न देता चाक त्यावर चढवायचं असेल, तर ७५ मिमीच्या चाकाला त्यावर असलेल्या वजनाच्या ९३ टक्के एवढा आडवा जोर लागतो. १०० मिमीला ७५ टक्के, १२५ मिमीला ६५ टक्के, १५० मिमीला ५८ टक्के. ७५ वरून १२५ वर गेलात की फरक अंगाला कळतो. त्यापुढे फायदा कमी होत जातो आणि बेस उंच होतो, टेबलाची सर्वांत खालची उंची वाढते. बुटक्या सर्जनांना ती नको असते. म्हणून १२५ वर थांबणं मला पटतं. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे ती पट्टीच काढून टाकणं किंवा दोन्ही बाजूंनी उतार घासून देणं.

कॉरिडॉरमध्ये टेबल खेकड्यासारखं तिरकं पळतं त्याला चारही चाकं फिरती असणं कारणीभूत असतं. मधोमध पाचवं, न फिरणारं चाक पेडलने खाली टेकवलं की ते सरळ चालतं. वळवताना ते उचलून घ्यायचं. चालवण्याआधी टॉप पूर्ण खाली आणि मध्यावर आणा. पेशंट वर असताना टेबल ढकलायचं की नाही, हे टेबलाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर ढकलू नका, ट्रॉली आहे त्यासाठी.

डुगडुगणं वेगळं, कलंडणं वेगळं

सी-आर्मसाठी (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रासाठी) टॉप सरकवायचे टेबल आल्यापासून एक नवी भीती आली आहे. सी-आर्मला खाली जागा हवी म्हणून कॉलम बेसच्या मध्यावर ठेवत नाहीत किंवा बेस आखूड ठेवतात. त्यावर पेशंट उलटा, म्हणजे डोकं टेबलाच्या पायांकडे करून, घेतला आणि टॉपही त्याच्या डोक्याकडे सरकवला की सगळं वजन एका टोकाला जातं. टेबलाच्या पाटीवर जो वजनाचा आकडा असतो तो टॉप मध्यावर असतानाचा. सरकवलेल्या आणि उलट्या स्थितीचा आकडा वेगळा आणि कमी असतो, तो पुस्तिकेत शोधावा लागतो.

साधं गणित करून बघा. पायाची कड कॉलमपासून ४५० मिमीवर. १२० किलोचा पेशंट, त्याचा भारमध्य कॉलमपासून ६५० मिमीवर आलेला. म्हणजे कडेच्या बाहेर २०० मिमी. वजन गुणिले मीटरमधलं अंतर, २४. सहाय्यक डोक्याशी ४० किलो भार टाकून टेकला, कॉलमपासून ११०० मिमीवर, म्हणजे कडेबाहेर ६५० मिमी. आणखी २६. उलटवणारं बळ ५० झालं. २०० किलोचं टेबल असेल तर सावरणारं बळ २०० गुणिले ०.४५, म्हणजे ९०. निभावतं. टेबल ९० किलोचंच असेल तर सावरणारं फक्त ४०.५. कलंडलं. सरकलेल्या टॉपचं स्वतःचं वजन यात धरलेलंच नाही, ते धरलं की परिस्थिती आणखी वाईट.

"हलकं आहे, सहज हलतं" ही विक्रीवाल्याची स्तुती म्हणूनच मला खटकते. सहज हलणं चाकांनी मिळवायचं, वजन कमी करून नव्हे. १००० बाय ५०० मिमीची, २० मिमी जाड एमएस (माइल्ड स्टील) प्लेट ७८.५ किलो भरते. ९० किलोच्या त्याच टेबलाला ती बेसमध्ये खाली बसवली तर सावरणारं बळ ४०.५ वरून ७५.८ वर जातं. प्लेट वर्कशॉपमध्ये नट-बोल्टने बसवा. ओटीत वेल्डिंग मशीन आणून बेसला तुकडे जोडायचा उद्योग करू नका, उष्णतेने बेस मुरडतो आणि चार पायांचं गणित परत बिघडतं. पाय लांब करणं कागदावर सोपं दिसतं, पण मग सर्जनचे बूट आणि सी-आर्मची चाकं त्यालाच अडतात. वजन वाढवलं की चाकांची क्षमताही बघा. एकूण वजनाला चाराने भागू नका, तिनाने भागा, कारण उंचसखल जमिनीवर एक चाक बहुधा अधांतरीच असतं. टेबल, पेशंट आणि सामान मिळून ३६० किलो असेल तर प्रत्येक चाक १२० किलोचं हवं.

आयईसी मानकातली उलटण्याची चाचणीही लक्षात ठेवा. वाहून नेण्याच्या स्थितीत १० अंश उतारावर आणि वापराच्या कुठल्याही नेहमीच्या स्थितीत ५ अंशांवर उपकरण उलटता कामा नये. "कुठल्याही" या शब्दात टॉप पूर्ण सरकवलेला आणि हेड-लो हेही आलं.

नवीन घेणार असाल तर

डेमो शोरूममधल्या चकचकीत टाइल्सवर बघू नका. टेबल तुमच्याच ओटीत, तुमच्याच लाइटखाली आणायला लावा. विक्रेत्याच्या माणसाला स्वतः लॉक करू द्या आणि मग फिल्मची पट्टी खिशातून काढा. टॉप पूर्ण वर, पूर्ण डोक्याकडे सरकवलेला, अशा स्थितीत डोक्याचं टोक हाताने रेटून बघा. लॉक सोडून दारातून एकदा बाहेर आणि आत फिरवा, काटा लावून. वीज गेल्यावर पाय वर-खाली कसे करायचे ते विचारा. जनरेटर सुरू व्हायच्या आत टेबल सरकवायची वेळ येऊ शकते, हाताने चालणारी सोय बेसमध्ये कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगा. पायाचे रबर पॅड, जॅकची सील किट आणि कॉलमचे पॅड यांचे पार्ट नंबर एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावर लिहून घ्या, आणि पॅडचा एक जोड टेबलाबरोबरच मागून स्टोअरमध्ये ठेवा.